आकडे शेवटी

"डोळ्यांपुढे अंधारी येते, की जमीन फिरते?"
औयांग वैद्य हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारतात.
आपण सगळ्यालाच चक्कर म्हणून मोकळे होतो.

ग्वीजन मावशी म्हणाल्या, "होडी."
बस्स, एवढंच.
सव्वीस वर्षं फेरीबोटीवरून दोर फेकला त्यांनी
वानचौच्या जुन्या धक्क्यावर, जो आता
धरणाच्या पाण्याखाली आहे
त्यांच्या शाळेसकट, नूडल्सच्या टपरीसकट,
न्हाव्याच्या त्या एकुलत्या आरशासकट.
बोटीवर कधी झीट आली नाही.
आता येते, सोळाव्या मजल्यावर, पक्क्या सिमेंटवर,
भाजी चिरताना.
सुनेचा आवाज चढला की जास्त.

वैद्यांनी तीन बोटं मनगटावर ठेवली.
मी खण पुसत होते, कान तिकडे.
"ताणलेली तार," ते म्हणाले, मला ऐकू जाईल असं.
जीभ लाल, कडांना अधिकच. थर जवळजवळ नाही.
कफाची घेरी असती तर जिभेवर
दह्याची साय दिसली असती,
डोक्याला ओलं गोणपाट गुंडाळल्यासारखं वाटलं असतं.
रक्त आटल्याची असती तर उठता-बसता आली असती,
ओठ फिके पडले असते.
ही त्यातली नाही.

"यकृत म्हणजे लाकूड," ते सांगतात,
"आणि झाडाला मुळाशी पाणी लागतं.
तुमचं कमरेतलं पाणी उतरलंय.
कोरडं झाड वारा धरतं,
आणि वारा शेंड्याकडेच धावणार."

मावशी हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा.
"बाहेर बघा की, वैद्यबुवा.
पाणी एकशे पंचाहत्तरच्या खुणेला टेकलंय,
आणि तुम्ही म्हणता, माझ्यात उतरलं."

वैद्य काही बोलले नाहीत.
कागद ओढून लिहायला लागले.

मी तोलते: थ्येनमा,
पान नाही, धड मूळ नाही, अशा झाडाचा कंद.
त्याचा दांडा म्हणे वाऱ्यात हलत नाही,
वारा पडला की हलतो.
अबालोनचा शिंपला, कुटलेला, जड,
वर गेलेलं खाली ओढायला.
आणि गौथंगच्या वेलीचे आकडे,
मांजराच्या नखांसारखे, जोडीजोडीने वाकलेले.
"शिंपला आधी, अर्धा तास," मी पुडीवर लिहिते.
"आकडे शेवटी. पाच मिनिटं.
जास्त उकळले तर ते काही धरत नाहीत."

सुई मात्र डोक्यात नाही. पायात,
अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खळग्यात.
मावशींनी पाय पुढे केला तर मोज्याला भोक.
ते त्यांनी दुसऱ्या पायाने झाकलं,
मोजा काढावाच लागणार हे माहीत असूनही.

पंधरा पुड्यांनंतर आल्या.
"थांबली का जमीन?"
"थांबते," त्या म्हणाल्या.
"मग करमत नाही."

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपार, दुकान रिकामं.
औयांग वैद्यांनी अचानक काउंटरची कड धरली.
मी तराजूत बघत राहिले.
मग त्यांनी बाही वर केली
आणि आपलं मनगट उशीवर ठेवलं, माझ्या बाजूला.
"सांग."

चार वर्षांत मी त्यांच्या हाताला हात लावला नव्हता.
हलकं दाबलं: आहे.
आणखी दाबलं: मध्ये काहीच नाही,
कांद्याची पात चिमटीत धरावी तसं.
त्या नाडीला नाव आहे. मला ते पाठ आहे.
"तार," मी म्हटलं.

"खोटं," ते म्हणाले, रागावून नव्हे. "पुन्हा."

नदीवरून एक बोट भोंगा देत गेली.
मी पुन्हा बोटं ठेवली,
जरा वाकवून, न आवळता,
आणि ते डोळे मिटून थांबले
मला हवा तेवढा वेळ.